बास्केटबॉल खेळून पोट भरतं का?

प्रश्न : माझी मुलगी रत्नागिरीत नववीत आहे. उंची पाच फूट सहा इंच. पाचवीपासून बास्केटबॉल खेळते आणि यंदा शाळेच्या संघातून विभागीय स्पर्धेपर्यंत जाऊन आली. आता म्हणते, ‘मी प्रोफेशनल खेळाडूच होणार.’ आमच्या घरात कुणीच खेळाडू नाही. या खेळावर पोट भरेल असं काही असतं का? आणि अशा खेळाडूचं आयुष्य नेमकं कसं असतं?
— एक पालक, रत्नागिरी

उत्तर : पोट भरतं. मात्र करार, लिलाव, जाहिराती असं जे चित्र मुलीच्या डोळ्यांसमोर असेल, त्या वाटेनं फार थोड्यांचं भरतं. आपल्याकडे बास्केटबॉलपटूचा पगार येतो तो खात्याकडून. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, प्राप्तिकर, पोलीस, सैन्यदलं यांचे स्वतःचे संघ असतात. खेळाच्या जोरावर तिथे नोकरी मिळते आणि खेळाडू त्या संघाकडून खेळत राहतो. भारताचा बराच काळ कर्णधार राहिलेला, 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा विशेष भृगुवंशी ओएनजीसीचा. 2021 मध्ये पद्मश्री मिळालेली अनिता पॉलदुराई दक्षिण रेल्वेची. आणि आपल्या पुण्याची शिरीन लिमये रेल्वेची. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा दबदबा वर्षानुवर्षं टिकून आहे, याचं कारणच हे: देशभरातल्या चांगल्या मुली नोकरीसाठी तिथे येतात.

शिरीनचं नाव मुलीला जरूर सांगा. 2023 मध्ये चीनमधल्या हांगझोऊला झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाचं नेतृत्व तिनं केलं आणि संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. महाराष्ट्रातली मुलगी या खेळात कुठवर जाऊ शकते, हे दाखवायला याहून जवळचं उदाहरण नाही.

मग लीगचं काय? मुलगी हे विचारणारच, कारण कबड्डीचं उदाहरण घरोघरी पोचलं आहे. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि 2022 च्या लिलावात पवन सेहरावतला 2 कोटी 26 लाख रुपये मिळाले. बास्केटबॉलमध्ये असं अजून घडलेलं नाही. यूबीए नावाची लीग 2015 ला आली आणि 2017 नंतर थांबली. पुढे 2022 मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली. मुंबई, चेन्नई, बंगळूरू, दिल्ली, चंदीगड, कोची असे सहा पुरुष संघ त्यात उतरले. अशा लीगचं मी मनापासून स्वागत करतो. सामने वाढतात, परदेशी खेळाडूंसमोर उभं राहायला मिळतं. पण त्या मानधनावर घर चालेल असा हिशेब आज कुणी करू नये. खात्याचा पगार हा पाया धरायचा आणि लीगचं मानधन मिळालं तर वरचं.

खात्यातल्या खेळाडूचा दिवस फार झगमगता नसतो. पहाटे उठून सराव, मग कार्यालय, संध्याकाळी पुन्हा सराव. स्पर्धा जवळ आली की शिबिर लागतं आणि त्या काळात कामातून सूट मिळते. वर्षातले कित्येक आठवडे घराबाहेर, रेल्वेच्या डब्यात आणि स्पर्धेच्या गावच्या वसतिगृहात जातात. सणवार हुकतात. आणि तिशीच्या आसपास, कधी त्याआधीही, पाय सांगू लागतात की आता पुरे. इथेच या व्यवस्थेचं मोल कळतं. खेळ थांबला तरी नोकरी थांबत नाही. बढती मिळत राहते, कुणी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षणाची पदविका घेऊन खात्याच्याच संघाचं प्रशिक्षकपद सांभाळतं. जगात इतरत्र कितीतरी व्यावसायिक खेळाडूंना हे स्थैर्य लाभत नाही. अमेरिकेतल्या महिलांच्या लीगचंच पाहा. 2022 मध्ये तिथला सर्वांत मोठा पगार वर्षाला सुमारे 2 लाख 28 हजार डॉलर होता. त्याच सुमारास पुरुषांच्या एनबीएमधला अगदी नवखा खेळाडूही 10 लाख डॉलरच्या वर घेत होता. म्हणून तिथल्या नामवंत मुली उन्हाळ्यात मायदेशी आणि हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीनमध्ये खेळायच्या. त्यांतलीच ब्रिटनी ग्रायनर 2022 मध्ये रशियात अटकेत सापडली, ती अशाच हिवाळी करारासाठी तिथे जाताना.

आता तुमच्या मुलीचा रस्ता. स्पर्धांच्या दोन शिड्या आहेत आणि पालकांना बहुधा एकच ठाऊक असते. पहिली शालेय: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. रत्नागिरी यात कोल्हापूर विभागात येते, म्हणजे मुलीची गाठ कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या संघांशी पडते. तिथे कोर्ट जास्त, सामने जास्त. विभागापर्यंत पोचली याला म्हणूनच मी किंमत देतो. दुसरी शिडी संघटनेची: जिल्हा संघटना, मग राज्याची निवड चाचणी, मग युवा, कुमार आणि वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे या चाचण्यांच्या तारखा विचारत राहा. त्या आपण होऊन घरी चालत येत नाहीत.

कॉलेजात गेल्यावर तिसरं दार उघडतं, आंतरविद्यापीठ स्पर्धेचं. रत्नागिरीतली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, तेव्हा त्या संघाच्या निवडीत इथल्या मुलीलाही उभं राहता येतं.

खात्यांच्या खेळाडू भरतीतली एक गोष्ट फार लोकांना उशिरा कळते. रेल्वेची अशी भरती साधारण 18 ते 25 या वयात होते आणि कामगिरी धरतात ती चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांची. शाळेत असताना मिळवलेलं पदक विशीनंतर त्या फाईलमध्ये फारसं बोलत नाही. म्हणजे नववीत ती किती चमकते यापेक्षा अठरा ते बावीस या वर्षांत ती राज्याच्या किंवा विद्यापीठाच्या संघात आहे की नाही, यावर सारं ठरतं. नेमक्या याच वर्षांत मुली खेळ सोडतात: बारावी, प्रवेश परीक्षा, ‘आता पुरे झालं’. तुम्ही तिला ही चार-पाच वर्षं दिलीत तर बाकीचं तिच्या हातात आहे.

आणि अभ्यास सोडू देऊ नका. कारण अगदी रोखठोक आहे: पद कोणत्या श्रेणीचं मिळणार, हे शिक्षणावर ठरतं. बारावी झालेली आणि पदवीधर, दोघी तितक्याच चांगल्या खेळल्या तरी पदवीधर वरच्या पदावर लागू शकते. शिवाय महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रांची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र, अगदी सहभागाचंसुद्धा, एका फाईलमध्ये जपून ठेवा. कोकणातल्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते, प्लास्टिकच्या कव्हरात ठेवा आणि मोबाईलवर फोटोही काढून ठेवा.

उंचीची काळजी आत्ता करू नका. पाच सहा ही उंची रिंगखाली उभं राहणाऱ्या खेळाडूसाठी कमी आहे, गार्डसाठी नाही. गार्ड म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणारी, कुणाला कधी पास द्यायचा ते ठरवणारी. तिला डावा हात उजव्याइतकाच चालवता यायला हवा आणि मान वर ठेवून ड्रिबल करता यायला हवं. चेंडूकडे न बघता. चौदाव्या वर्षी तिच्याकडून मी एवढंच मागेन.

रत्नागिरीची खरी अडचण पाऊस आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. उघड्या सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरतं, आणि तिथे पळणं म्हणजे घोटा मुरगाळून घेणं. शालेय स्पर्धा सुरू होतात त्याच सुमाराला. घाटावरची मुलं हॉलमध्ये सराव करून येतात आणि आपली मुलं दोन महिने चेंडू न टाकता. हॉल मिळत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पडवीतली शहाबादी फरशी चालेल. रोज अर्धा तास दोन्ही हातांनी ड्रिबल, गुडघ्याखालून, पायांमधून, डोळे मिटूनसुद्धा, भिंतीवर पास, दोरीवरच्या उड्या. जांभ्याच्या अंगणात मात्र नको. चेंडूची उसळी कुठेही जाते आणि खरखरीत दगडावर त्याची साल महिन्याभरात निघते. मुलींचा चेंडू सहा नंबरचा असतो. घरात भावाचा सात नंबरचा असेल तर त्यावर नेमबाजीचा सराव करू देऊ नका, हाताची सवय बिघडते.

गुडघ्याबद्दल लिहिल्याशिवाय मला हे उत्तर संपवता येत नाही. बास्केटबॉलमध्ये गुडघ्याच्या आतला मुख्य बंध तुटण्याची दुखापत मुलांपेक्षा मुलींना कितीतरी जास्त होते, आणि बहुतेकदा कुणी धक्का न देता, उडी मारून खाली येताना किंवा झटकन वळताना. एक साधी तपासणी घरी करता येईल. तिला जिन्याच्या खालच्या पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उडी मारायला सांगा आणि समोरून बघा. जमिनीला पाय टेकताना गुडघे एकमेकांकडे आत वळतात का? वळत असतील तर ती सवय आत्ताच मोडायला हवी. गुडघे पावलांच्या रेषेत, कंबर मागे, उतरणं मऊ आणि बिनआवाजी. मांड्यांच्या मागचे स्नायू आणि नितंबांचे स्नायू बळकट करायचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा हवेतच. ही दुखापत झाली तर शस्त्रक्रिया आणि पुढचे नऊ-दहा महिने जातात. अठरा ते बावीसच्या त्या खिडकीतून एक वर्ष गेलं तर भरून काढणं फार अवघड.

आणि कुणी ताकदीची पावडर दिली तर घेऊ देऊ नका. सतनाम सिंगचं उदाहरण पुढच्या उत्तरात येईलच. एनबीएच्या दारापर्यंत पोचलेल्या या मुलावर उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्यामुळे दोन वर्षांची बंदी आली. तुमच्या मुलीला वरण-भात, मासे, अंडी, उकडलेले शेंगदाणे पुरेसे आहेत. सर्दी-खोकल्याचं औषध घेतानाही ती खेळाडू आहे हे डॉक्टरांना सांगा.

रत्नागिरी सोडावी लागेल का? दहावीपर्यंत नाही, असं माझं मत. त्यानंतर बहुधा लागेल, मुंबई किंवा पुण्याला, कारण आठवड्याला दोन-तीन चांगले सामने खेळल्याशिवाय गार्ड तयार होत नाही. तोवर चिपळूणजवळच्या डेरवणला एक फेरी मारा. श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज ट्रस्टचं तिथलं क्रीडा संकुल आपल्याच जिल्ह्यात आहे. मोठ्या मैदानावरच्या शिस्तीत मुलं कशी घडतात, ते तिला बघू द्या.

प्रश्न : एनबीएमध्ये कुणी मराठी माणूस आहे का? आणि भारतीय खेळाडू तिथे का दिसत नाहीत?
— अकरावीतला विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : मैदानावर नाही, पण मालकाच्या खुर्चीत आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे सोळाव्या वर्षी एमआयटीत शिकायला गेले, सॉफ्टवेअरमध्ये नाव कमावलं आणि 2013 मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ घेतला. एनबीए संघाचे ते पहिले भारतीय वंशाचे प्रमुख मालक. 2019 च्या ऑक्टोबरात त्यांचा किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये दोन सामने खेळले. भारतात झालेले हे एनबीएचे पहिले सामने. पहिल्या दिवशी प्रेक्षागार शाळकरी मुलांनी भरलं होतं आणि सामना जादा वेळेत एका गुणानं सुटला: पेसर्स 132, किंग्ज 131. त्या मुलांनी काय पाहिलं असेल!

रणदिवे यांची याआधीची एक गोष्ट मला जास्त आवडते. कॅलिफोर्नियात लेक अंजलीच्या बारा वर्षांच्या मुलींच्या संघाचे ते प्रशिक्षक झाले. स्वतः कधी बास्केटबॉल खेळलेले नव्हते. मुली ना उंच होत्या ना नेमबाजीत तरबेज. साधारण सगळे संघ स्वतः गुण केला की धावत आपल्या अर्ध्यात परततात आणि समोरच्यांना चेंडू घेऊन निवांत येऊ देतात. रणदिवेंनी विचारलं, का येऊ द्यायचं? त्यांच्या मुली समोरच्यांना चेंडू आत टाकायलाच सुचू देत नसत. आत टाकायला पाच सेकंद मिळतात, ते उलटले की चेंडू आपला. या डावपेचावर तो संघ राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धेपर्यंत गेला. माल्कम ग्लॅडवेल या लेखकानं 2009 मध्ये त्यावर लिहिलं आणि गोष्ट जगभर पोचली. पुढे अंजलीनं किंग्जच्याच दुसऱ्या फळीच्या संघाची, स्टॉक्टन किंग्जची, महाव्यवस्थापक म्हणून कामही केलं.

भारतीय का दिसत नाहीत, याचं एक उत्तर साध्या गणितात आहे. तीस संघ, प्रत्येकाकडे पंधरा नियमित करार, म्हणजे साऱ्या जगातून 450 माणसं. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग चौदा वर्षांचा असताना फ्लोरिडाच्या अकादमीत गेला. 2015 च्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला 52 व्या क्रमांकावर निवडलं. निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही, दुसऱ्या फळीतच राहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅनडात जन्मलेला साडेसात फुटांच्या जवळपास उंचीचा सिम भुल्लर किंग्जकडून उतरला आणि भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू ठरला. पुढे प्रिन्सपाल सिंग 2021 मध्ये किंग्जच्या समर लीग विजेत्या संघात होता.

दुसरं उत्तर वयात आहे. आपल्याकडे उंच मुलगा सापडतो पंधराव्या-सोळाव्या वर्षी, आणि तेव्हा त्याच्या हाती पहिल्यांदा चेंडू येतो. सर्बियातला किंवा अमेरिकेतला मुलगा तोवर दहा वर्षं खेळलेला असतो. उंची उशिरा सापडली तरी चालते. हात आणि नजर मात्र लहानपणीच तयार व्हावी लागते.

मुलींसाठी एक वाट मोकळी आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. अमेरिकेतली विद्यापीठं खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात. बंगळूरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात, पंजाबची हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठात अशाच गेल्या. पदवी पदरात पडते आणि खेळही. त्याआधी केरळच्या गीतू ॲना जोसनं ऑस्ट्रेलियातल्या रिंगवूड क्लबकडून खेळून दाखवलं होतं आणि 2011 मध्ये अमेरिकेच्या महिला लीगमधल्या तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं होतं.

आणि मुंबईचा नागपाडा विसरू नका. तिथे 1920 च्या दशकात अमेरिकन मराठी मिशननं नेबरहूड हाऊस उभं केलं. पुढे त्या गल्ल्यांतून भारताच्या संघाला खेळाडू मिळत राहिले. त्यांतले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले, 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. एक वस्ती, चार रिंगा, आणि संध्याकाळी खेळणाऱ्या मोठ्यांना बघत बसलेली लहान मुलं. एवढ्या भांडवलावर देशाचा कर्णधार घडला.

प्रश्न : आमच्या शाळेकडे पूर्ण कोर्टाएवढी जागा नाही. मुली खो-खो उत्तम खेळतात. त्यांना बास्केटबॉल शिकवण्यात अर्थ आहे का?
— क्रीडाशिक्षिका, लांजा

उत्तर : नक्की आहे, आणि पूर्ण कोर्ट लागतही नाही. पूर्ण कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. तिघा-तिघांच्या बास्केटबॉलला एकच रिंग आणि 15 बाय 11 मीटर जागा पुरते. टोकियो ऑलिंपिकपासून हा प्रकार पदकांच्या यादीत आहे. प्रत्येक संघात तिघी आणि एक राखीव. दहा मिनिटांचा सामना, किंवा आधी 21 गुण करेल तो जिंकला. चेंडू हाती आल्यावर बारा सेकंदांत नेम धरावा लागतो, त्यामुळे प्रत्येक मुलीला चेंडू मिळतो आणि कोपऱ्यात उभं राहून सामना संपत नाही. नव्या मुलींसाठी मला हाच प्रकार जास्त पसंत आहे.

खो-खोचं म्हणाल तर तुमच्या मुली निम्मं शिकूनच आल्या आहेत. ऐश्वर्या सावंत, अपेक्षा सुतार या रत्नागिरीच्या मुलींनी महाराष्ट्राच्या खो-खो संघात आपल्या जिल्ह्याचं नाव गाजवलं. खांबाला वळसा घालताना शरीर खाली झुकवणं, एका पायावर दिशा बदलणं, समोरच्याचा पुढचा पाय कुठे पडणार हे त्याच्या कमरेवरून ओळखणं, हीच बास्केटबॉलमधल्या बचावाची मुळाक्षरं आहेत. त्यांना नव्यानं शिकवायचं ते हातांचं काम. पहिला महिना नेमबाजी नकोच. बसकी ठेवण, दोन्ही हात वर, समोरच्या मुलीला रिंगेकडे वळू न देणं, एवढंच खेळवा. मग ले-अप, उजवीकडून आणि डावीकडून सारखाच.

रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर हवी. अकरा-बारा वर्षांच्या मुलींसाठी ती अडीच-पावणेतीन मीटरवर बांधा, नाहीतर चेंडू वर पोचवायच्या नादात पाठ मोडून, खांद्यावरून चेंडू फेकायची सवय लागते आणि ती पुढे सुटत नाही. खांब लोखंडी असेल तर गंजाला दरवर्षी पावसाआधी लाल प्रायमर मारावाच लागेल, आणि खांबाभोवती जुन्या गादीचं किंवा फोमचं जाड आवरण बांधा. जाळी तुटली तर लगेच नवी लावा. चेंडू जाळीतून सर्रकन जातो तो आवाज मुलींना पुन्हा पुन्हा हवासा वाटतो, आणि त्यासाठी त्या सुट्टीतही शाळेत येतील.